कोळशाची साक्ष

"त्या ड्रायव्हरला अंगणात उभं करायचं. आपण काही बोलायचं नाही. कोळशा काय ते ठरवेल," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांचा नवरा गाडीच्या किल्ल्या बोटावर गरागरा फिरवत होता. जुडग्याला लावलेलं पितळी घुंगरू वाजत होतं. बोलताना त्याला ही सवयच होती.

"अगं, तो कोळशा नव्हे, क्लोन आहे. सात महिन्यांचं पिल्लू ते. त्याला काय आठवणार?"

"नाक तेच आहे ना? मग मारणाऱ्याला तो ओळखणार."

क्लोन करायलाच मुळात नवऱ्याची ना होती. "गेलेल्याला जाऊ द्यावं," एवढंच तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी भर उन्हात, काचा चढवलेल्या गाडीत कोळशा गुदमरून गेला. गाडी त्या दिवशी ड्रायव्हरकडे होती, तोच कुत्र्याला विसरला, असं नवऱ्याने सांगितलं. ड्रायव्हर "मी नव्हतो बाई," एवढंच म्हणत राहिला. बाईंनी त्याला उभ्या उभ्या हाकललं.

तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. दवाखान्याच्या खुर्चीत जो कोणी आ वासून पडे, त्याला त्या दात कोरता कोरता ड्रायव्हरची गोष्ट ऐकवत. तोंडात आरसा आणि नळी असताना उलट कोण विचारणार? वर्षभरात गावात ड्रायव्हरला गाडीला हात लावू देणारा माणूस उरला नाही.

कोळशाच्या कानाचा तुकडा बाईंनी त्याच दिवशी प्रयोगशाळेत जपायला पाठवला होता. त्यातून हे पिल्लू झालं. "दिसायला तोच असेल. बाकीची हमी नाही," असं प्रयोगशाळेतल्या माणसाने बजावलं होतं. बाईंनी पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं.

पिल्लू घरी यायचं होतं, तेवढ्यात कुत्र्यांना वळण लावणाऱ्या एक मास्तरीणबाई आपणहून भेटायला आल्या. पांढरे केस, सावकाश बोलणं.

"शरीर तेच येतं, डॉक्टरीणबाई. सवयी पुन्हा शिकवाव्या लागतात. तीन महिने माझ्याकडे ठेवा. आणि पहिल्याच्या ओळखीच्या वस्तू द्या. वास, आवाज, सगळं लागतं मला."

बाईंनी पिशवी भरून दिली. चादर, वाडगा, पट्टा. गाडीच्या जादा किल्ल्यासुद्धा. त्यांनाही तसंच घुंगरू होतं.

फोनवर मास्तरीणबाईंच्या मागे करवत कर्रकर्र चाललेली असायची.

"लाकडाची वखार आहे शेजारी. तुमचा विद्यार्थी हुशार आहे हो. दहादा दाखवलं की अकराव्यांदा स्वतः करतो. बिस्किट मात्र चुकवायचं नाही, रुसतो."

"तोही असाच रुसायचा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ड्रायव्हरला बोलवायचा बेत सांगितला.

"बोलवा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "होऊन जाऊ दे."

आणि आज तो दिवस होता.

ड्रायव्हर निरोपासरशी आला. वाळला होता. बाह्यांवर कसलासा भुसा होता.

"येताना पाय जड झाले असतील," बाई म्हणाल्या.

"पायीच फिरतो हल्ली, बाई. सवय झाली."

नवरा ओट्यावर उभा होता. किल्ल्या त्याने मुठीत घट्ट आवळल्या होत्या.

मास्तरीणबाईंनी फाटकापाशी पिल्लाचा पट्टा सोडला. तेच काळंभोर अंग, तोच वाकडा कान. पिल्लू थेट ड्रायव्हरकडे धावलं.

पिल्लाने ड्रायव्हरचे पाय हुंगले, शेपूट हलवली आणि त्याचा हात चाटायला लागलं.

"पुन्हा सोडा," बाई म्हणाल्या.

पुन्हा सोडलं. या वेळी ते त्याच्या पायांवर लोळलंच.

"बघितलंस?" नवरा हसला, जरा जास्तच मोठ्याने. "मी सांगत होतो, त्याला काही आठवत नाही. चल, मला उशीर होतोय." त्याची मूठ सैल झाली. किल्ल्या बोटावर फिरल्या, घुंगरू वाजलं.

पिल्लू दचकून उठलं. पळत बाकाखाली शिरलं, जमिनीला चिकटलं, पुढचे पाय डोळ्यांवर घेऊन कण्हायला लागलं.

"कोळशा, ये, ये ना," नवरा दोन पावलं पुढे झाला. घुंगरू पुन्हा वाजलं. पिल्लू आणखी आत सरकलं.

नवऱ्याच्या तोंडाचं पाणी पळालं. तो पायरीवर मटकन बसला.

"त्याला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?" बाईंनी विचारलं.

"मला फोन आला होता. पाच मिनिटांत येतो म्हणून काचा चढवल्या. बोलण्यात तास गेला. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?" तो उठला आणि भिंत धरत घरात गेला.

बाई ड्रायव्हरकडे वळल्या.

"येतो, बाई," तो म्हणाला.

मास्तरीणबाईंनी पिशवी बाकावर ठेवली. "तुमच्या वस्तू. उरलेली बिस्किटंही आहेत." मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाहीवरचा भुसा झटकला. "चल दादा. वखार बंद व्हायच्या आत पोचू."

फाटक लागलं. पिल्लू बाकाखालून बाहेर आलं आणि बाईंच्या पायाशी बसलं. बाईंनी पिशवी उपसली. चादर, वाडगा, पट्टा. तळाशी किल्ल्या होत्या. उचलताना घुंगरू वाजलं.

पिल्लू पळत बाकाखाली शिरलं, पुढचे पाय डोळ्यांवर घेतले, कण्हलं. मग एक पाय हळूच बाजूला करून बिस्किटाची वाट बघत बाईंच्या हाताकडे टक लावून बसलं.

बाईंनी बंद फाटकाकडे पाहिलं. मग त्यांनी त्याला दोन बिस्किटं दिली आणि किल्ल्या आपल्या खिशात टाकल्या.

"अगं, ऐकतेस का?" आतून नवऱ्याचा पडेल आवाज आला. पावलं दारापर्यंत आली. बाईंनी खिशात हात घातला आणि घुंगरू वाजवलं.