कुंडलिककाकांचं प्रोफाइल

"कुंडलिककाकांचं सोडून बाकी सगळ्यांचं हलव," ऑफिसचा मॅनेजर प्रीतम म्हणाला. नजर त्याच्या मोबाइलवर होती.

रुचिकाला वाटलं, काकांचा संगणक बदलायचा असेल. "त्यांना नवा पीसी येतोय का, सर?"

"नाही. त्यांचं हलवायचंच नाही. सोमवारी जुनं डोमेन बंद होईल. लॉगिन होणार नाही, मग त्यांना कळेल."

मरोळची ही कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. आता सगळे संगणक नव्या मालकाच्या नेटवर्कवर, म्हणजे नव्या डोमेनवर न्यायचे होते. प्रत्येकाचं प्रोफाइल उचलायचं आणि त्याच्या फायली, मेल, पडद्यावरच्या फोटोसकट तिकडे नेऊन ठेवायचं. घर बदलण्यासारखंच काम. आयटीत रुचिका एकटीच होती. नव्या डोमेनचा ॲडमिन पासवर्ड या ऑफिसात फक्त तिच्याकडे होता.

"काय कळेल?" तिने विचारलं.

"त्यांना ठेवत नाहीयेत. एचआर मेल पाठवणार आहे."

"लॉगिनच झालं नाही तर मेल वाचणार कुठे?"

प्रीतम मोबाइलवर बोट फिरवत राहिला.

सोमवारची सकाळ रुचिकाला लख्ख दिसली. काका पासवर्ड टाकतील. चुकला म्हणून पुन्हा टाकतील. चष्मा पुसतील, आणखी एकदा टाकतील. मग तिलाच फोन करतील आणि ओशाळून म्हणतील, पासवर्ड विसरलो वाटतं गो. स्टोअरचं, म्हणजे मालाच्या गोदामाचं अख्खं काम या माणसाने वहीवरून संगणकावर आणलं होतं, आणि त्याला वाटणार की चूक आपलीच आहे. फोनवर ती काय सांगणार होती?

"मी नाही करणार, सर."

"काय नाही करणार?"

"कोणाचंच. तुम्ही काकांना समोर बसवून सांगा. मग मी सगळ्यांचं करते."

"रुचिका, तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस. मी हेड ऑफिसला एक फोन केला ना, तर तुझ्या जागी दुसरा माणूस येईल."

"येऊ दे. तो येईपर्यंत सगळं आहे तसंच राहील. आणि का थांबलंय असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, सरांना विचारा."

ती केबिनबाहेर आली. खुर्चीत बसून तिने लॅपटॉप बंद केला. बिलिंगच्या नमिताच्या संगणकाचं काम अर्धवट राहिलं होतं. नमिताने विचारलं, "काय गं, अडकलं का?"

"अडकलं नाही. थांबवलंय."

"का?"

"सरांना विचार."

नमिताने केबिनच्या काचेकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावरच्यांनीही मान वळवली. हळूहळू माणसं उठून गटागटाने उभी राहिली. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आत प्रीतम फोन कानाला लावून बसला होता, पण त्याचे ओठ हलत नव्हते.

स्टोअरच्या दारातून कुंडलिककाका आले. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, ते स्वतः बोरिवलीत वाढले. पण आपल्या माणसाशी बोलताना भाषा गावचीच.

"काय झाला गो? सगळ्यांचा चाललाहा, माझा कित्याक होऊक नाय?"

रुचिका उठून उभी राहिली. हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

"काका, तुमचं करू नको असं मला सांगितलंय. का, ते सर सांगतील. त्यांनी तुम्हाला सांगितल्याशिवाय मी इथे कोणाचंच करणार नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग भोवती जमलेल्या माणसांकडे. त्यांना काय ते समजलं. चेहरा मात्र बदलला नाही. त्यांनी नमिताच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, केबिनच्या दारासमोर नेऊन ठेवली आणि हाताची घडी घालून बसले. दार ठोठावलं नाही. हाकही मारली नाही.

आत फोन वाजला, वाजून थांबला. शेवटी प्रीतमने दार उघडलं. तो दारातच उभा राहिला.

"काका, तुम्ही आत या. बोलूया."

"हयसरच बोल. ह्या चेडवान हयसरच सांगितल्यान, तिका कोणाचा भय वाटला नाय."

प्रीतमने रुचिकाकडे पाहिलं. ती नजर तिने चुकवली नाही.

"सोमवारपासून तुमची जागा नाही, काका," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "नव्या कंपनीने स्टोअर भिवंडीला न्यायचं ठरवलंय. मी सही केली."

काकांनी मान हलवली. जणू त्यांच्यापुढे मालाचं एखादं चलन आलं होतं आणि ते बरोबर होतं.

"इतक्याच सांगूक तुका कॉम्प्युटर होयो होतो?" ते म्हणाले. "रे प्रीतम, तुका तोंड नाय?"

प्रीतम खाली बसला. खुर्चीवर नाही, दाराच्या उंबऱ्यावरच, साऱ्या ऑफिससमोर.

"दुसऱ्या कोणालाही तोंडावर सांगितलं असतं, काका. पण बाबा गेले तेव्हा माझा हात धरून मला या ऑफिसात तुम्हीच आणलं होतं."