गाळ बसेपर्यंत

उधाणाचं पाणी बांधाच्या खांडीतून शेतात शिरलं. सगळं गाव बांधावर बसून होतं. खांड त्यांनीच पाडली होती. प्रयोगशाळेतून आलेलं गवत एका भरतीत गुडघाभर गाळ धरायचं, पण पाणी ढवळलं की सगळा सोडून द्यायचं. आज गाळ बसून जमीन उंच झाली नाही, तर पुढच्या उधाणाला गाव बुडणार होतं.

"ठमे, तुझा सासरा कुठंय गो?" शेजारणीने विचारलं.

हरीबुवा खांडीच्या तोंडाशी गवतात उभे होते, छाती लावून पाणी अडवत. जन्मभर बांध राखताना त्यांनी हेच केलं होतं.

"मामा, बाहेर या!" ठमीने हाक मारली.

"आलो असतो," ते ओशाळून म्हणाले. "पाय निघत नाय गो."

पाणी खांद्याला लागलं होतं.

"तू उतरू नको. शेत वाया जाईल. पाणी थांबेल आता."

भरती पुरी व्हायला अजून बराच वेळ होता, हे बांधावर सगळ्यांना ठाऊक होतं.

ठमीने पदर खोचला आणि उडी मारली. निवळत आलेलं पाणी तळापासून काळं झालं. तिने म्हाताऱ्याला काखेत धरून ओढलं. मागे धपाधप उड्या पडल्या. मदतीला की तिला धरायला, ते तिने वळून पाहिलं नाही.