अकलेची पूजा

जीप साडेदहाची, आणि दहा वाजून गेले तरी हिरवा दिवा काही लुकलुकेना.

बेबीताई जरीचं पातळ नेसून रोपवाटिकेच्या जाळीपाशी उभ्या होत्या. अकोल्याला भाच्याचं लग्न होतं. आजवर प्रत्येक लग्नाला एक तर त्या गेल्या, नाही तर त्यांचे यजमान शालिकराम. उन्हाळ्यात तासातासाला पाणी मागणारी झेंडूची रोपं दोघांना एकदम कधी सोडायचीच नाहीत. म्हणून तर सुट्टीत हॉस्टेलवरून आलेल्या लेकीनं, साधनानं, हा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर डब्यात बसवला होता. वेळ झाली की तोच फवारे सुरू करणार, तोच बंद करणार.

"काल तं चांगला चालत होता," साधना पुटपुटली. लाल दिवा लागला म्हणजे वीज आली, हिरवा लुकलुकला म्हणजे मेमरी कार्ड वाचलं जातंय. वीज होती. वाचन नव्हतं.

"मले मालूमच होतं," बेबीताईंचा चेहरा उतरला. "तुमी दोघं व्हा पुढं. मी थांबते."

शालिकराम बाजूला उभे होते. डोक्यावर नवी टोपी, एक हात सदऱ्याच्या खिशात. आठवडाभर या यंत्राची सगळ्यात जास्त टर त्यांनीच उडवली होती. हे काय पाणी देईन, याले सोताले तहान लागली तं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे.

साधनानं नखानं कार्ड बाहेर काढलं आणि उलटं केलं. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल्या हळदीचं बोट होतं, त्यावर कुंकू.

"माय, कार्डाले हळद-कुंकू लावलं तू?"

"मी कायले लावू? मोटरीले लावलं, फवाऱ्यायले लावलं. त्या डब्याले तं मी भेवानं हातबी नाई लावला."

दोघींनी एकदमच शालिकरामांकडे पाहिलं.

"बाबा, हात काढा खिशातून."

काढला. बोट पिवळंजर्द.

"तूच म्हनली ना काल," ते ओशाळून म्हणाले, "का याची सारी अक्कल या चिपटीतच हाय. मंग डब्याची पूजा कायले करू? अकलेची केली." मग रोपांकडे पाहत हळूच म्हणाले, "मलेबी वाटते ना, एखांद्या लगनात तुह्या मायच्या बाजूले बसून जेवावं."

बेबीताईंना हसू आलं.

साधनानं खोडरबरानं पट्ट्या घासल्या, फुंकर मारली, कार्ड आत सरकवलं आणि बटण बंद करून पुन्हा चालू केलं. लाल दिवा लागला. मग हिरवा लुकलुकला, एकदा, दोनदा, मग भराभर. मिनिटभरानं फवारे फुसफुसले आणि रोपांवर पाण्याची बारीक धुई उतरू लागली.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. शालिकराम घाईघाईनं बोट धोतराला पुसायला निघाले. बेबीताईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या हळद," त्या म्हणाल्या. "लगनालेच चाललो ना."