उसनी झोप

शकूताई संध्याकाळी डबी परत द्यायला गेल्या, तेव्हा शेजारचे दिघे रॅकेट घेऊन निघालेच होते. आदल्या रात्री त्यांनी दिघ्यांकडून डबीभर झोप उसनी आणली होती. हल्ली शेजारीपाजारी साखरेसारखी झोपही मिळायची.

“लागली ना शांत झोप?” दिघ्यांनी विचारलं.

“लागली, पण झोपेत रात्रभर बॅडमिंटन खेळत होते. ह्यांचा गाल सुजलाय. तुम्ही जेवणवेळेपर्यंत घाम गाळता, मग झोपही धापा टाकतच येते. सकाळी खेळत जा हो.”

दिघे ओशाळले. डबी हातात घेत म्हणाले, “ही तर भरलेली दिसतेय.”

“रिकामं भांडं परत देऊ नये. माझी आजची वामकुक्षी आहे त्यात.”

दिघ्यांनी वास घ्यावा तसं झाकण किलकिलं केलं आणि रॅकेट कवटाळून दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागले. पहाटे मात्र ते सगळ्यांच्या आधी कोर्टावर हजर होते.

ते बघायला शकूताई उठल्याच नाहीत. दुपारची झोप देऊन टाकल्यामुळे रात्री त्यांना चक्क स्वतःचीच झोप लागली होती, आणि यजमानांचा दुसरा गाल शाबूत राहिला होता.