ओठांनी दाखवलेला रेडा

"गुडघे टेकले तर ठीक. नाही टेकले तर उद्या प्रयोगशाळेची गाडी येईल," कोनराडो म्हणाला आणि त्याने ऊलितच्या पाठीवर थाप मारली. "चिरून बघतील, कुठं बिघडलंय ते."

तांदळाच्या गिरणीचा हा मालक यंदा जत्रेचा यजमान होता, म्हणून सगळं बालिते गाव त्याला हेर्मानो म्हणत होतं. मांग आदोर, म्हणजे इकडच्या बोलीत आदोरकाका, ऊलित रेड्याला भादरत होता. त्याने वस्तरा थांबवला नाही.

"जनावर आहे, हेर्मानो. पंखा नाही बिघडायला."

"नक्कल आहे ती, मांग. तुमच्या किदलातची नक्कल. शिकवलं तर नाही ना कोणी? रक्तातच असायला पाहिजे, अशी बोली आहे आपली."

"रक्तात काय आहे ते रक्तालाच माहीत," आदोर म्हणाला.

दर मे महिन्यात सान इसिद्रोच्या जत्रेत भादरलेले, तेल लावलेले रेडे चर्चसमोर गुडघे टेकतात. त्यात आदोरचा किदलात सगळ्यांत आधी टेकायचा आणि सगळ्यांत शेवटी उठायचा. हेर्मानोने ते पाहिलं. श्रीमंताला एक चांगली गोष्ट दिसली की त्याला तशा चाळीस हव्या असतात. त्याने प्रयोगशाळा गाठली. आधी एक नक्कल करायची, ती आपसूक गुडघे टेकते का बघायचं, मग गावोगावी विकायच्या.

नमुना घ्यायला पांढऱ्या डगल्यातली दोन पोरं आली होती, तीही अशीच जत्रेच्या आदल्या दिवशी. दावणीला दोन रेडे होते. एक किदलात, दुसरा आदोरच्या मेव्हण्याचा बुगनोत. बुगनोत म्हणजे हेकट जनावर, चिखलातसुद्धा बसायचा नाही. पुढे मेव्हण्याने वैतागून त्याला खाटकाला दिला.

"यातला किदलात कुठला?" पोरांनी विचारलं होतं.

आदोरचे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. इकडे सगळेच दाखवतात तसं त्याने ओठ पुढे काढून दाखवलं. पोरांनी डाव्या कानाची कड कापून घेतली. रेडा डरकला. एका पोराच्या मांडीवर लाथ बसली.

"नखाएवढाच तुकडा आहे, मांग," ते मांडी चोळत म्हणालं. "पण खाच जन्मभर राहणार."

त्या नखाएवढ्या तुकड्यातून ऊलित झाला. आला तेव्हा बाटलीने दूध पीत होता. आदोरची बायको लोरिंग त्याच्या तोंडाशी बोलत बसायची. ऊलित म्हणजे पुन्हा. नाव तिनेच ठेवलं.

"देवाने एकदा केलेलं पुन्हा करायची परवानगी यांना कोणी दिली?" पाद्री बघायला आले तेव्हा कुरकुरले होते.

"जुळी होतात तेव्हा तुम्हाला विचारतात का, पाद्री?" लोरिंग म्हणाली. "पोराचा काय दोष? त्याने थोडंच सांगितलं होतं, मला करा म्हणून?"

ऊलितच्या पाठीवर आणखी एक थाप मारून हेर्मानो गेला. लोरिंग ऊलितच्या कानामागे तेल चोळू लागली.

"हळू फिरव वस्तरा, आदोर. संताला वाहिलेल्या जनावराचं रक्त जत्रेआधी सांडायचं नसतं."

"मला सांगतेस? माझ्या दावणीत कधी सांडू दिलंय का?"

"आणि दावणीवरचा तो आडवा बांबू कधी वर करणार आहेस? वादळात घसरला तेव्हापासून बघतेय. बिचाऱ्याला गुडघे मोडून वाकल्याशिवाय काकवीचं घमेलं गाठता येत नाही."

"करतो की. जत्रा होऊ दे."

"वर्षभर हेच चाललंय."

दुसऱ्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बँड वाजत होता. पोरीबाळी रेड्यांच्या शिंगांना फुलं बांधत होत्या. हेर्मानोने प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना खास बोलावलं होतं. त्या छत्रीखाली उभ्या होत्या. गाडी आजच आणून ठेवली होती. मागे पिंजरा होता. लोरिंग चर्चच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली होती. ऊन फार म्हणून घातलेली गवती टोपी तिने काढली आणि उलटी करून पायांपाशी ठेवली. टोपीला माश्या लागल्या होत्या.

ऊलितची पाळी आली. आदोरने कासरा सैल सोडला.

ऊलित थांबला. मान इकडे केली, तिकडे केली. हेर्मानोच्या कपाळावर आठी चढली. पिंजऱ्याजवळचा माणूस कडी काढायला लागला.

मग ऊलितने नाकपुड्या फुगवल्या. दोन पावलं पुढे गेला. एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि मान इतकी खाली घातली की तोंड लोरिंगच्या टोपीत गेलं.

चौक दणाणला. पाद्रींनी छातीवर क्रूस काढला. डॉक्टरीणबाई छत्री विसरून टाळ्या वाजवत होत्या. पिंजऱ्याची कडी पुन्हा लागली आणि गाडी रिकामी परत फिरली.

"रक्त," हेर्मानो ओरडत होता, "बघा, रक्तातच आहे. डॉक्टरीणबाई, चाळीस. त्याच नमुन्यातून चाळीस काढा."

"आणि हा?" आदोरने विचारलं.

"हा तुमचा, मांग. ठेवा. बक्षीस समजा."

लोरिंग रडत हसत होती. ऊलित अजून टोपी चाटत होता. चौकातून परतताना लोकांनी दोघांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. बँडवाले पार दारापर्यंत वाजवत आले.

अंगणात म्हातारा किदलात रवंथ करत उभा होता. लोरिंगने आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या शिंगांत अडकवला. मग झग्याच्या टोकाने त्याचे कान पुसले. आधी उजवा, मग डावा. दोन्ही कान केळीच्या कोवळ्या पानासारखे अखंड होते. कुठेही खाच नव्हती.