मिरजेबाहेरचं गिऱ्हाईक

आठ वर्षांपूर्वी सर्चवर पहिलीच जाहिरात देताना शर्वरी ‘फक्त मिरज’ निवडायला विसरली. भलत्याच देशांतल्या लोकांनी क्लिक केलं, पैसे वाया गेले.

आज त्याच जाहिरातीवर एक क्लिक आलं. शोधलं होतं, ‘तंबोऱ्याची जवारी बिघडली’. ठिकाण, शेजारच्या ताऱ्याभोवतीची वसाहत. जाहिरात पोचायला चार वर्षं, क्लिक यायला चार.

तंबोरे बनवणाऱ्या तिच्या वडिलांनी, अण्णांनी, कानस खाली ठेवली. बराच वेळ ते आभाळाकडे बघत राहिले.

“तिथंही गातात तर,” ते म्हणाले. “त्यांना कळव, तारा छेडून आवाज पाठवा. ऐकून सांगतो काय बिघडलंय ते.”

“अण्णा, तो यायला आठ वर्षं लागतील.”

अण्णांनी खिशातलं बिडीबंडल काढून तिच्या हातावर ठेवलं.