छातीतला दम

डॉक्टर वृंदाने शिंगाडे सरांच्या सुजलेल्या गळ्यावर बोट दाबलं, तशी कातडीखाली चुरमुऱ्यांसारखी कुरकुर झाली. गरज नसताना तिने आणखी एकदा दाबलं. सर कळवळले.

"दम कसा धरायचा, ते आम्हाला करून दाखवत होते," त्यांच्या संघातली एक पोरगी म्हणाली. "कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता छाती धरून मैदानातच खाली बसले."

त्याच मैदानावर वृंदाही कधीकाळी खेळायची. ऐन फायनलच्या आधी, "तुझ्या छातीत दमच नाही," म्हणत याच सरांनी सगळ्यांसमोर तिच्या हातातली जर्सी हिसकावून घेतली होती. सरांना आज तिचा चेहराही आठवत नव्हता.

तिने एक्स-रे उजेडावर धरला. फुफ्फुसं फुगलेली, शाबूत. पण हृदयाच्या कडेने हवेची काळी रेघ उमटली होती.

"दम भरपूर आहे हो सर तुमच्यात. फुफ्फुसात मावला नाही, म्हणून फुटून हृदयाभोवती जाऊन बसलाय."

"ऑपरेशन करावं लागेल?" सरांचा आवाज पार चिरकला होता.

"छे! ऑक्सिजन लावू, पडून राहायचं. ओरडायचं नाही, फुंकायचं नाही. आणि कुणाला दम तर अजिबात द्यायचा नाही."

असं म्हणत पोरींच्या देखत तिने सरांच्या हातातली शिट्टी काढून घेतली. पोरींनी हसू दाबायला तोंडावर हात धरले.

"पण मॅडम, आत शिरलेली ही हवा?" सरांनी विचारलं.

"जिरेल की आपोआप," वृंदा गोड हसली. "सगळ्यांचीच जिरते, सर. तुमची जरा उशिरा जिरतेय, एवढंच."